तांदळाचं माप: कपाचे ग्रॅम आणि ग्रॅमचे कप

कृतीत ‘दीड कप तांदूळ’ लिहिलेलं असतं, आणि घरात चार आकारांचे कप असतात. किंवा उलट होतं: कृती ३०० ग्रॅम म्हणते आणि हाताशी फक्त एक वाटी असते. मग शोधाशोध केली की एक कप म्हणजे कुणी १५० ग्रॅम सांगतं, कुणी १८५, कुणी २००. नवखा माणूस इथेच गोंधळतो. यातला एकही आकडा चुकीचा नाही. प्रत्येकाचा कप वेगळा आहे आणि तांदूळही वेगळा आहे.

म्हणून दुसऱ्याचा तक्ता पाठ करण्यापेक्षा आपला कप आणि आपला तांदूळ एकदा मोजून ठेवणं चांगलं. दहा मिनिटांचं काम आहे. ते आधी करू, तक्त्याकडे नंतर वळू.

पायरी १: आपल्या कपात किती मावतं?

लागेल ते असं: एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, तांदूळ मोजायला रोज वापरता तो कप किंवा वाटी, आणि पाणी.

काटा सपाट, न डगमगणाऱ्या ओट्यावर ठेवा. रिकामा कोरडा कप त्यावर ठेवून शून्याचं बटण दाबा. आता कप काठोकाठ पाण्याने भरा. काठाच्या वर पाण्याचा फुगवटा येऊ देऊ नका. पाणी काठाशी सपाट दिसलं की थांबा. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके मिलीलिटर तुमच्या कपात मावतात, कारण एक मिलीलिटर पाण्याचं वजन जवळजवळ एक ग्रॅम भरतं. समजा २१२ आलं, तर तुमचा कप २१२ मिलीचा.

हा आकडा २४० किंवा २५० आला नाही म्हणून कप टाकून देऊ नका. कप कितीचाही असला तरी चालतो, त्याचा आकडा माहीत असला म्हणजे झालं. मात्र कप सरळ काठाचा निवडा. तोंड बाहेर पसरलेल्या वाटीत काठापासून अर्धा सेंटीमीटर खाली भरलं तरी बराच फरक पडतो, कारण वाटीचा सर्वांत रुंद भाग तिथेच असतो.

पायरी २: तोच कप तांदळाने भरा

कप पुसून पूर्ण कोरडा करा. खाली एक ताटली ठेवा, म्हणजे सांडलेले दाणे परत भरता येतील. तांदूळ चमच्याने किंवा पिशवीतून सैल ओता, कपावर शीग येईपर्यंत. मग सुरीची सरळ पाठ काठावरून एकदाच फिरवा आणि शीग पाडा. कप हलवू नका, आपटू नका, वरून दाबू नका. आता वजन करा, अर्थात रिकाम्या कपाचं वजन वजा करून.

हे तीनदा करा. समजा १६८, १७१ आणि १६९ आलं, तर १६९ धरा. तिन्ही वजनांत सात-आठ ग्रॅमपेक्षा जास्त तफावत दिसली तर भरण्याची पद्धत दर वेळी बदलते आहे असं समजा. बहुतेक वेळा एकदा कप डब्यात बुडवून भरलेला असतो आणि एकदा वरून ओतलेला. कुठलीही एक पद्धत धरा, पण तीच कायम ठेवा.

कप ओट्यावर दोन-तीनदा आपटला तर दाणे खाली बसतात आणि वर जागा होते. ती भरली की त्याच कपात ५ ते १० टक्के जास्त तांदूळ जातो. म्हणजे १६९ ग्रॅमऐवजी १८० च्या आसपास. शीग ठेवली तर फरक आणखी मोठा. ‘माप तेच घेतलं, पाणी तेच घातलं, तरी आज भात कडक झाला’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे सापडतं.

पायरी ३: भागाकार

तांदळाचं वजन भागिले कपाची क्षमता. १६९ ला २१२ ने भागलं की ०.७९७, म्हणजे ०.८० धरा. तुमच्या तांदळाच्या एक मिलीलिटरचं हे वजन झालं. डब्याला चिठ्ठी लावा: ‘१ कप = २१२ मिली = १६९ ग्रॅम, १ मिली = ०.८० ग्रॅम’. इथून पुढे सगळा व्यवहार या चिठ्ठीवर चालतो.

कृती ३०० ग्रॅम मागते? ३०० ला १६९ ने भागा, १.७७ आलं, म्हणजे पावणेदोन कप.

कृती दोन अमेरिकन कप मागते? दोन कप म्हणजे ४७४ मिली, त्याला ०.८० ने गुणा, ३७९ ग्रॅम. घ्या ३८०.

दोन-चार ग्रॅमसाठी जीव काढू नका. भाताला पाच ग्रॅमचा फरक कळत नाही, पन्नासचा कळतो.

काटा नसेल तर

सीलबंद पिशवीवर निव्वळ वजन छापलेलं असतं. एक किलोची नवी पिशवी फोडून सगळा तांदूळ सपाट कपाने मोजत दुसऱ्या डब्यात भरा. कप मोजताना तोंडाने आकडा म्हणा, मध्येच कुणी बोललं तर मोजणी हमखास चुकते. शेवटचा अर्धामुर्धा कप अदमासाने धरा. समजा ५ कप भरले आणि सहावा जवळजवळ भरत आला, म्हणजे ५.९ कप. तर १००० ला ५.९ ने भागा: एका कपात १६९ ग्रॅम. एका कपाच्या वजनापेक्षा ही सरासरी जास्त भरवशाची असते, कारण भरण्यातले लहान-मोठे फरक आपसांत फिटतात.

कपाची क्षमता काढायची असेल तर खुणा असलेल्या मापाच्या भांड्यातलं एक लिटर पाणी कपाने मोजा. मात्र त्या खुणांच्या भांड्याने तांदूळ मोजू नका. पाण्याची पातळी आपोआप सपाट होते. तांदळाचा ढीग एका बाजूला चढलेला राहतो आणि खूण नक्की कुठे लागली ते कळत नाही. तो सपाट करायला भांडं हलवावं, तर दाणे खाली बसतात.

कप म्हणजे नेमका किती?

परक्या कृतीतला कप ओळखणं हे अर्धं काम आहे. अमेरिकन कप २३६.६ मिलीचा, तिथल्या पोषणमूल्यांच्या लेबलांवर तोच २४० धरतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडाच्या कृतींत मेट्रिक कप, २५० मिली. जुन्या ब्रिटिश पुस्तकांतला कप म्हणजे अर्धा पिंट, २८४ मिली. जपानी स्वयंपाकातला नेहमीचा कप २०० मिलीचा, पण तांदळासाठी तिथे वेगळं माप आहे: ‘गो’, १८० मिली. विजेच्या राइस कुकरसोबत जो लहान प्लास्टिकचा कप येतो, तो हाच.

चमच्यांचंही तसंच. टेबलस्पून बहुतेक ठिकाणी १५ मिलीचा, ऑस्ट्रेलियात २० मिलीचा. तांदूळ पहिल्यात साधारण १२ ग्रॅम मावतो, दुसऱ्यात १६. चहाचा चमचा ५ मिली, तांदूळ चार ग्रॅम.

औंस दिसला की थबका. वजनाचा औंस २८.३५ ग्रॅमचा, आणि द्रव मोजायचा औंस अमेरिकेत २९.६ मिलीचा. ‘८ औंस तांदूळ’ वजनाने घेतला तर २२७ ग्रॅम. कुणी आठ द्रव औंसांचा कप भरला तर लांब दाण्याचा तांदूळ १८५ ग्रॅमच येतो. नाव एकच आणि फरक ४२ ग्रॅमचा. कृतीत तांदळापुढे नुसता ‘औंस’ असेल तर तो वजनाचाच धरा.

तक्ता

सपाट भरलेला, न दाबलेला, कोरडा, न शिजवलेला पांढरा तांदूळ; आकडे ग्रॅममध्ये:

| कप | लांब दाणा | मध्यम दाणा | आखूड दाणा |
|---|---|---|---|
| १८० मिली | १४० | १४८ | १५२ |
| २०० मिली | १५६ | १६४ | १६९ |
| २३७ मिली | १८५ | १९५ | २०० |
| २५० मिली | १९५ | २०५ | २११ |
| २८४ मिली | २२२ | २३३ | २४० |

उकडा तांदूळ आणि लांब दाण्याचा ब्राउन राइस लांब दाण्याच्या रकान्यात धरायला हरकत नाही. वाइल्ड राइस हे मुळात वेगळंच गवत. त्याचे दाणे लांबुडके आणि हलके, अमेरिकन कपात १६० ग्रॅमच बसतात.

आखूड दाणा जड का भरतो? तांदळाचा दाणा स्वतः पाण्यापेक्षा बराच जड असतो, एका मिलीला सुमारे १.४५ ग्रॅम. पण कप नुसत्या दाण्यांनी भरत नाही. त्यातला ४० ते ४५ टक्के भाग दाण्यांमधली हवा असते. लांब, बारीक दाणे डबीत कशाही टाकलेल्या काड्यांसारखे आडवेतिडवे अडकतात आणि मध्ये जास्त पोकळी राहते. आखूड, गोलसर दाणे एकमेकांत चपखल बसतात. अख्ख्या दाण्यांत तुकडे मिसळलेले असले तर ते पोकळीत शिरतात आणि कप आणखी जड होतो. म्हणूनच एकाच नावाचा तांदूळ एका पिशवीतून दुसऱ्या पिशवीत दोन-तीन टक्के इकडेतिकडे होतो.

पाण्याचं प्रमाण: सगळ्यांत जास्त भात इथे बिघडतो

‘एकास दोन पाणी’ हे कपाचं प्रमाण आहे. एक कप तांदूळ, दोन कप पाणी. काटा घेतल्यावर बरेच जण तेच प्रमाण ग्रॅमला लावतात: २०० ग्रॅम तांदूळ, ४०० ग्रॅम पाणी. आणि भात ठरल्यापेक्षा कडक होतो.

हिशोब करून बघा. लांब दाण्याचे २०० ग्रॅम तांदूळ किती जागा घेतात? २०० भागिले ०.७८ (लांब दाण्याच्या एका मिलीचं वजन: तक्त्यातले १८५ भागिले २३७), म्हणजे २५६ मिली. त्याच्या दुप्पट पाणी ५१२ मिली. आपण घातलं ४००. तब्बल ११२ मिली कमी, अर्ध्या कपाला थोडंच कमी.

कारण सरळ आहे. पाण्याचा एक कप २३७ ग्रॅमचा आणि तांदळाचा एक कप १८५ ग्रॅमचा. दोघांचा कप एक, वजनं वेगळी. त्यामुळे मापाचं प्रमाण वजनात नेताना ते तांदळाच्या ‘एका मिलीच्या वजनाने’ भागायचं. लांब दाण्यासाठी:

मापाने १ : १.२५ म्हणजे वजनाने १ : १.६
मापाने १ : १.५ म्हणजे वजनाने १ : १.९
मापाने १ : २ म्हणजे वजनाने १ : २.५६

वजनाचं प्रमाण मापात आणायचं तर उलट करा: ०.७८ ने गुणा. वजनाने १ : १.५ लिहिलेली कृती कपाने केली आणि एक कप तांदळाला दीड कप पाणी घातलं, तर १८५ ग्रॅमला २७७ ऐवजी ३५५ ग्रॅम पाणी पडतं आणि भात गिच्च होतो.

म्हणून नवी कृती हातात आली की तांदूळ बघण्याआधी हे बघा: प्रमाण मापाचं आहे की वजनाचं? दोन्ही घटक ग्रॅममध्ये दिले असतील तर वजनाचं. कप-कप किंवा वाटी-वाटी असेल तर मापाचं. ‘२०० ग्रॅम तांदूळ, दोन कप पाणी’ अशी सरमिसळ असेल तर दोन्ही आकडे जसेच्या तसे घ्या, त्यातून गुणोत्तर काढत बसू नका. फक्त तो कप कुठला ते शोधा.

धुतलेले आणि भिजवलेले तांदूळ

तांदूळ नेहमी कोरडेच मोजायचे, धुण्याआधी. नुसते धुऊन चाळणीत निथळले तरी १०० ग्रॅमला १० ते १५ ग्रॅम पाणी दाण्यांना लागून येतं. अर्धा तास भिजवले तर १०० चे १२५ ते १३० ग्रॅम होतात, आणि दाणे फुगल्याने कपातही जास्त जागा घेतात. आता ओल्या तांदळाचा एक कप मोजला तर त्यात प्रत्यक्ष तांदूळ कमी आणि पाणी जास्त.

दुसरी अडचण अशी, की भिजवलेल्या तांदळात शिरलेलं पाणी कुणी मोजत नाही. वर पुन्हा ठरलेलं पाणी घातलं की ते जास्त होतं. यावर काट्याने एक झकास तोड निघते: पाणी वेगळं मोजूच नका, सगळ्या भांड्याचं वजन मोजा.

समजा रिकामं पातेलं ६४० ग्रॅमचं आहे. (हे एकदाच मोजून पातेल्याच्या कानावर न पुसणाऱ्या शाईने लिहायला हरकत नाही; तळाला लिहिलं तर शाई ज्योतीवर जळेल.) कोरडे तांदूळ २०० ग्रॅम घेतले. पाणी हवं वजनाने १ : १.९, म्हणजे ३८० ग्रॅम. बेरीज: ६४० + २०० + ३८० = १२२०. आता तांदूळ हवे तितके धुवा, भिजवा, निथळा, पातेल्यात घाला, पातेलं काट्यावर ठेवा आणि १२२० दिसेपर्यंत पाणी ओता. दाण्यांत किती पाणी आधीच मुरलं होतं याची फिकीर करायची गरज उरत नाही.

एक अपवाद आहे. काही कृती भिजवून निथळलेल्या तांदळावर वरून किती पाणी घालायचं तेच सांगतात, आणि भिजवताना शिरलेलं पाणी त्यात धरलेलं नसतं. अशा कृतीत पहिल्या वेळी सांगितलं तसंच करा, पण विस्तवावर ठेवण्याआधी भरलेल्या पातेल्याचं वजन टिपून घ्या. पुढच्या वेळी तोच आकडा गाठायचा.

दुप्पट भाताला दुप्पट पाणी?

तांदूळ दुप्पट घेतले म्हणून पाणी दुप्पट करू नका. भांड्यात घातलेलं पाणी दोन वाटांनी जातं: काही तांदूळ पितो, काही वाफ होऊन उडतं. पिण्याचं पाणी तांदळाच्या वजनाप्रमाणे वाढतं. उडणारं पाणी मात्र भांड्याच्या तोंडावर, झाकण किती घट्ट बसतं त्यावर, आच आणि वेळ यांवर अवलंबून असतं. तांदूळ किती आहेत याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो.

आपल्या भांड्यातून किती पाणी उडतं ते एकदा मोजता येतं. शिजवण्याआधीचं वजन आपल्याकडे आहेच, १२२०. भात शिजून, झाकण ठेवून दहा मिनिटं वाफ मुरली की झाकण काढून पातेलं पुन्हा तोला. गरम पातेलं थेट काट्यावर ठेवलं तर आतला सेन्सर बिघडतो आणि प्लास्टिकही वितळतं, म्हणून आधी काट्यावर लाकडी पाट किंवा जाड फडकं ठेवून शून्य करा. समजा ११३० आलं. म्हणजे ९० ग्रॅम पाणी उडालं. घातलेल्या ३८० मधून ९० गेले, २९० तांदळाने प्यायले: दर ग्रॅमला १.४५ ग्रॅम.

आता ४०० ग्रॅम तांदूळ करायचे. पिण्याचं पाणी ४०० × १.४५ = ५८०. उडणारं तेच ९०. एकूण ६७०. सरळ दुप्पट केलं असतं तर ७६०, म्हणजे ९० ग्रॅम जादा, आणि खालचा थर लगदा. उलट १०० ग्रॅमच तांदूळ करायचे तर १४५ + ९० = २३५ ग्रॅम पाणी लागेल; निम्मं म्हणजे १९० घातलं की भात कोरडा पडून बूड करपतं. एकट्यासाठी भात लावणाऱ्यांना हा अनुभव नेहमी येतो आणि ते तांदळाला दोष देतात.

भांडं, झाकण किंवा शेगडी बदलली की ९० चा आकडा बदलतो. प्रेशर कुकरमध्ये तांदूळ थेट कुकरमध्येच लावले तर वाफ कमी उडते, म्हणून तिथे मुळातच पाणी कमी लागतं.

भरपूर उकळत्या पाण्यात तांदूळ वैरून नंतर पाणी गाळून टाकत असाल, तर पाण्याच्या या वरच्या हिशोबांची तुम्हाला गरज नाही. त्या पद्धतीत पाण्याचं माप चुकूच शकत नाही; दाणा शिजला की उतरवायचं एवढंच.

राइस कुकरच्या रेषा

कुकरच्या आतल्या भांड्यावर १, २, ३ अशा रेषा असतात. त्या सोबतच्या १८० मिलीच्या कपासाठी आखलेल्या असतात. ३ ची रेषा म्हणजे ‘तीन लहान कप तांदूळ घाला, मग तांदूळ आणि पाणी मिळून इथपर्यंत येऊ द्या’. नुसत्या पाण्याची ती पातळी नव्हे.

सोबतचा कप हरवला आणि घरातल्या २४० मिलीच्या कपाने तीन कप भरले तर ५४० ऐवजी ७२० मिली तांदूळ पडतो, एक तृतीयांश जास्त. वर पाणी मात्र ३ च्याच रेषेपर्यंत. जास्तीच्या तांदळाने पाण्याची जागा खाल्ली, म्हणजे तांदूळ वाढला आणि पाणी घटलं. वरचे दाणे टणक, खालचे करपलेले. हरवलेल्या कपाच्या जागी काटा वापरा: आखूड दाण्याचे १५० ग्रॅम किंवा लांब दाण्याचे १४० ग्रॅम म्हणजे एक कुकर-कप. कुकरवर ‘१० कप’ लिहिलेलं असलं तरी तेही याच लहान कपाचे. मोठ्या कपाने ते साडेसात भरतात.

शिजलेल्या भातावरून कच्चे तांदूळ

खाण्यातल्या उष्मांकांचा हिशोब ठेवणाऱ्यांसाठी हा भाग महत्त्वाचा. १०० ग्रॅम कोरड्या पांढऱ्या तांदळात सुमारे ३६५ किलोकॅलरी असतात. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे १३०. बाकी सगळं पाणी. ताटातला भात तोलून त्याला पिशवीवरचा कोरड्या तांदळाचा आकडा लावला, तर उष्मांक जवळजवळ तिप्पट दिसतात.

वरच्या उदाहरणातलं पातेलं भातासकट ११३० चं होतं. ६४० वजा केले की भात ४९० ग्रॅम. कच्चे होते २००. म्हणजे एका ग्रॅमचे २.४५ ग्रॅम झाले. ताटात १८० ग्रॅम भात वाढला तर त्यात कच्चे तांदूळ ७३ ग्रॅम. मऊ भात करणाऱ्यांकडे हा गुणक ३ च्याही पुढे जातो, फडफडीत करणाऱ्यांकडे २.५ च्या आसपास राहतो. म्हणून आपल्या भांड्याचा आपणच काढावा.

मापाने बोलायचं तर एका कप तांदळाचा साधारण तीन कप भात होतो. किती माणसांना पुरेल ते ठरवायला हे ठीक. पण शिजलेला भात कपाने मोजून वजन ठरवू नका: लांब दाण्याचा मोकळा भात अमेरिकन कपात १५८ ग्रॅम भरतो, आखूड दाण्याचा चिकट भात १८६, आणि चमच्याने जरा दाबला तर त्याहून कितीतरी जास्त.

पीठ आणि चुरमुरे

कोरड्या तांदळाचा आकडा तांदळाच्या दुसऱ्या कुठल्याच रूपाला लावू नका. तांदळाच्या पिठाचा अमेरिकन कप साधारण १५८ ग्रॅमचा, पण चाळलेलं आणि डब्यात बसलेलं पीठ यांत फार अंतर पडतं, तेव्हा पीठ तोलूनच घ्या. फुललेल्या चुरमुऱ्यांचा कप अवघा १४ ग्रॅम.

काटा खोटं बोलतो तेव्हा

शून्याजवळ दाणे अगदी हळूहळू सोडले तर बरेच डिजिटल काटे ते मोजतच नाहीत. बारीकसा फरक आपोआप शून्य करून टाकण्याची सोय त्यांच्यात असते. थोडे तांदूळ मोजायचे तर रिकाम्या वाटीवर शून्य करा, तांदूळ बाजूला वाटीत घाला आणि भरलेली वाटी एकदम काट्यावर ठेवा. मोठं पातेलं काट्याच्या बाहेर येऊन भिंतीला किंवा ओट्याला टेकलं तर वजन कमी दिसतं. काट्यावर आधी एक उलटी वाटी ठेवून पातेलं उंचावर घ्या आणि शून्य करा. ओतता ओतता काटा स्वतःहून बंद पडला तर शून्य गेलं असं समजून पहिल्यापासून करा. अशा वेळी पातेल्याच्या कानावर लिहिलेलं वजन कामाला येतं.

नवी पिशवी फोडली, विशेषतः दाण्याचा प्रकार किंवा उत्पादक बदलला, की पायरी २ पुन्हा करून डब्यावरची चिठ्ठी बदला. कप तोच असेल तर पायरी १ पुन्हा करायला नको.